शात्रेलचा सांडस

सांडसाला आता तुपाचा वास येतो. हे वाक्य वाचून आमचे पूर्वज जिथे असतील तिथे मिशांवरून हात फिरवत उठून बसतील, हे मला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी याच सांडसाला तिळाच्या तेलाचा, शेंदराचा, कापराचा आणि किंचित रक्ताचा वास यायचा. रक्ताचा वास फक्त आम्हा मुलांना यायचा. मोठ्यांची नाकं तोवर तपकिरीने कामातून गेलेली असायची.

उद्या दसरा. नया बाजारातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी सांडस मांडीवर घेऊन बसलोय. खाली झेंडूच्या हातगाड्या लागल्यात आणि एक गाडीवाला दुसऱ्याला सांगतोय की तेरे फूल तो कल के हैं भैया. सांडस म्हणजे दोन हात लांब लोखंडी दांडे, आणि टोकाला ज्वारीच्या भाकरीएवढ्या दोन जाड चकत्या, एकमेकींवर मिटणाऱ्या. वजन असं की एकदा तो आमच्या काकांच्या पायावर पडला, तेव्हा आधी फरशी ओरडली, मग काका.

आम्ही राहतो त्या भागाचं नाव लष्कर. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दख्खनेतून आलेल्या फौजेने तंबू ठोकले, परत जायचं म्हणूनच ठोकले, आणि मग कोणी जायचं नावच काढलं नाही. तंबूंची घरं झाली, घोड्यांच्या रांगांचे बाजार झाले, तोफा ओढणाऱ्या बैलांच्या वाटेवर आता ई-रिक्षा अडकतात. गावाचं नाव मात्र छावणीचंच राहिलं. त्या फौजेत आमचे पणजोबांचे पणजोबा गणोजी होते, आणि गणोजींच्या पलटणीवर एक फ्रेंच कप्तान होता. त्याचं खरं नाव घरातल्या पिढ्यांनी चावून चावून संपवलं. उरलं ते मुसूसाहेब. हा सांडस त्याचा. जाताना तो गणोजींना देऊन गेला, किंवा गणोजींनी ठेवून घेतला. आमच्याकडे या दोन गोष्टींत फार फरक करत नाहीत.

आमचं जुनं घर लष्करातल्या माधवगंजात, आणि तिथे आम्हांला सांडसवाले म्हणत. इतरांच्या घरी दसऱ्याला तलवारी निघायच्या, पट्टे, भाले, एखादी ठासणीची बंदूक. आमच्या घरी कोनाड्यातून सांडस निघायचा. शकूआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, तो दोन्ही हातांवर तोलून बाहेर आणायची आणि आम्ही चुलतभावंडं ओळीत उभे राहायचो. आत्या तेव्हा मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. गळ्यात शिट्टी असायची. ती शिट्टी ती देवघरातही काढत नसे, आणि माझा संशय आहे की देवही तिच्या शिट्टीवर उठत-बसत असत.

सांडस धुवायचा नाही, हा घरचा नियम. शस्त्राचं पाणी उतरतं. त्यामुळे दर दसऱ्याला त्यावर तेल चढे, तेलावर शेंदूर, शेंदरावर अक्षता आणि अक्षतांवर पुढच्या वर्षीचं तेल. चकत्यांच्या आतल्या बाजूला पूर्वी काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही पाहिला तेव्हा आत एक लाल खडक होता. पूजेच्या वेळी घरात इतका झेंडू असे की किल्ल्यावरचे पोपट शिंकत. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मग आत्या गोष्ट सांगायची. तोफेचा गोळा भट्टीत लालभडक तापवून शत्रूच्या दारूगोळ्यावर टाकत, आणि तो तापलेला गोळा धरायला हा सांडस. एवढ्यावर कोणी थांबलं असतं. आत्या थांबत नसे. "एकदा काय झालं, गोळा आला समोरून. मुसूसाहेब म्हणाला, गणोजी, हटो. गणोजी हटतायत होय. उचलला सांडस, हवेतच धरला गोळा, आणि गरम आहे म्हणून जरासा फुंकून परत पाठवला." उन्हाळ्यात लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटली की तो गोळा जास्त तापलेला असे. थंडीत, मेळ्याच्या दिवसांत, गणोजी त्या गोळ्यावर हात शेकून घेत आणि मगच तो परत पाठवत. बाहेर गल्लीत गजक कुटणाऱ्यांच्या लाकडी हातोड्यांचा धपाधप आवाज चालू असे, भाजलेल्या तिळाचा आणि गुळाचा वास खिडकीतून आत येई, आणि आम्हांला वाटे की लढाई अजून संपलेली नाही, फक्त दौलतगंजाकडे सरकली आहे.

ऋतू बदलला की गोष्ट बदलायची. एक तुकडा मात्र आत्याने कधी बदलला नाही. तो सांगताना तिचा आवाज खाली यायचा. लढाई नसलेल्या एका संध्याकाळी गणोजींनी मुसूसाहेबाला विचारलं, साहेब, तुमचं गाव कोणतं. साहेब म्हणाला, शात्रेल. म्हणजे काय? साहेबाने समोरच्या तंबूंच्या रांगेकडे हात केला. म्हणाला, हेच. आमच्या गावात फार पूर्वी रोमवाल्यांची फौज उतरली होती. निघून जायच्या बोलीवर उतरली आणि राहिली. शात्रेल म्हणजे छोटी छावणी. छोटं लष्कर.

"बघा," आत्या म्हणायची, "तो लष्करातून लष्करात आला होता. म्हणून त्याला इथे करमलं."

शाळेत मी हे नकाशाच्या तासाला सांगितलं. मास्तरांनी फ्रान्सवर छडी फिरवली. पॅरिस होतं, चार-सहा मोठी शहरं होती, शात्रेल नव्हतं. वर्ग हसला. पुढे वर्षानुवर्षं माधवगंजात कोणी थाप मारली की बाकीचे विचारत, "हे कुठलं रे, शात्रेलचं का?" मी हसण्यावारी नेत असे. मी स्वतः थापांच्या धंद्यातला माणूस, मला आणखी एकीचं ओझं नव्हतं. आत्या हसत नसे. ती इतर सगळ्या बाबतींत अतिशयोक्ती करायची, म्हणूनच त्या एका बाबतीत तिला कोणी खोटं म्हटलं की ते तिच्या फार आत जाऊन बसे.

ते घर गेलं, ती चिंचेची झाडं गेली, गॅसबत्त्या आणि टांगे गेले. टांग्याचा घोडा दसऱ्याला झेंडूची माळ घालून उभा असे आणि मान वळवून स्वतःचीच माळ खात असे, तोही गेला. घरोघरच्या तलवारी एकेक करून मराठी मंडळाच्या सभागृहात आल्या, कारण फ्लॅटमध्ये कोनाडे नसतात. आमचा सांडसही तिथे गेला. दसऱ्याला सगळ्या शस्त्रांची एकत्र पूजा होऊ लागली. लांब टेबलावर लाल कापड, त्यावर तलवारी ओळीने, आणि टोकाला आमचा सांडस, लग्नाच्या पंगतीत न बोलावता आलेल्या धिप्पाड पाहुण्यासारखा.

मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांचं घराणं दरबारातल्या दफ्तराचं. त्यांच्या पूर्वजांनी पगार लिहिले, आमच्यांनी घेतले, आणि तेव्हापासून दोन्ही घराण्यांत एक गोड कुरबूर चालू आहे. माणूस सरळ, अक्षर मोत्यासारखं, आणि खोटी गोष्ट कागदावर उतरवायची म्हणजे त्यांच्या बोटाला ठणका लागतो. तीन-चार वर्षांपूर्वी मंडळाने शस्त्रांसाठी काचेचं कपाट करून घेतलं. प्रत्येक शस्त्राखाली पाटी लागणार होती, शस्त्र कोणतं, कुठून आलं, कोणाचं. सगळ्या पाट्या बापूसाहेब हाताने लिहीत होते. सांडसापाशी आल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि आत्याला निरोप पाठवला.

मी आत्याला स्कूटरवर घेऊन गेलो. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती आणि मागे बसून वाहतुकीला शिट्टी मारत होती.

"शकूताई, राग मानू नका," बापूसाहेब म्हणाले. "शस्त्रांच्या कपाटात शस्त्रं असावीत, एवढंच माझं म्हणणं. हे मला लोहाराचं अवजार दिसतं."

"तोफेच्या गोळ्याचा सांडस आहे तो."

"गोळा या चपट्या चकत्यांत मावेल कसा?"

"तेव्हाचे गोळे मऊ असतील," मी मध्ये म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

"बरं, पाटीवर कुठून आला म्हणून लिहू?"

"शात्रेल," आत्या म्हणाली. "आणि कंसात छोटं लष्कर."

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताई, हे गाव तुमच्या घरच्या तोंडाबाहेर कुठे दिसलेलं नाही. मी पाटीवर काय म्हणून लिहू? दसऱ्यापर्यंत काही दाखवा, माझ्या हाताने लिहितो. नाहीतर सांडस घरी न्या. सांभाळून ठेवा, तुमच्या वडिलांची आठवण आहे ती."

परत येताना आत्याने एकदाही शिट्टी मारली नाही. माधवगंजच्या चौकात एक बैल आडवा उभा होता, तरी नाही. घरी आल्यावर खुर्चीत बसून ती म्हणाली, "नवीन गोष्ट उद्याही रचता येईल रे. पण ते गाव मी रचलेलं नाही."

माझी मुलगी मुग्धा तेव्हा नोकरीसाठी फ्रान्सला गेली होती. आत्याने फोन लावला. "मुग्धे, जरा शात्रेलला जाऊन ये."

"आत्याआजी, फ्रान्स काय दौलतगंज आहे का, चप्पल डाली और चल दिए?"

"मग तू कवायत सोडलीस की काय?"

आम्ही इथे मोबाइलवर शोधून थकलो होतो. फ्रेंच लोक जेवढं बोलतात त्याच्या दुप्पट अक्षरं लिहितात, त्यामुळे आपल्या कानाने शोधणाऱ्याचं काही चालत नाही. मुग्धाने तिथल्या सहकाऱ्यांना विचारलं. त्यातल्या एकाची आजी त्या बाजूची निघाली. एका शनिवारी मुग्धा आधी रेल्वेने, मग बसने गेली, आणि शेवटचा पल्ला एका कोबीच्या ट्रॅक्टरवर बसून पार केला. ट्रॅक्टरचं मी घातलंय. बाकी खरं आहे.

दुपारी आत्याच्या खोलीत व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, आत्याआजी कुठे आहेत? उन्हें बिठाओ पहले."

"बसलेलीच आहे मी. पुढे बोल."

"आत्याआजी, गाव आहे. मी उभी आहे त्यात. ये देखो, बोर्ड."

फोनच्या चिमुकल्या पडद्यावर एक पाटी दिसली. पाटीमागे राखाडी दगडाची घरं, चर्चचा एक ठेंगणा मनोरा आणि ओला रस्ता. आत्याने हात जोडले. देवळात जोडते तसे नाही, माहेरच्या स्टेशनात गाडी शिरली की बायका खिडकीतून जोडतात तसे. "माझ्या बाबांना दिसायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

मुग्धा तिथल्या सरपंचबाईंच्या घरी होती. आम्ही त्यांना सरपंचबाईच म्हणतो. नाव ओदील, वय सत्तरच्या घरात, गाल सफरचंदासारखे आणि बोलायचा वेग आत्याच्या तोडीचा. मुग्धाने फोन स्वयंपाकघराच्या भिंतीकडे वळवला. तिथे खुंटीवर सांडस टांगलेला होता. आमच्यासारखाच, दोन दांडे, दोन चकत्या.

आत्या खुर्चीत ताठ झाली. "घरोघर तोफखाना होता तर."

तेवढ्यात ओदीलबाईंनी सांडस काढला, चुलीवर धरला, उघडला, आत लोण्याचं बोट फिरवलं, पळीभर पातळ पीठ ओतलं आणि दांडे मिटले. वाफ निघाली. त्यांनी दांडे उघडले आणि एक पातळ, सोनेरी, कुरकुरीत पापडी ताटात पडली.

आत्या फोनच्या आणखी जवळ वाकली.

"आत्याआजी," मुग्धा हळूच म्हणाली, "ये तो... नाश्त्याचं आहे. इथे लग्नात, सणाला करतात. आया मुलांना देतात हा सांडस. घरच्या चवीची आठवण म्हणून."

इतक्या वर्षांची शस्त्रपूजा. तेल, शेंदूर, कापूर, आरत्या, ओळीत उभी राहिलेली मुलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एका तव्याला घाबरत आलो होतो. गणोजींनी हवेत धरलेला तो लाल गोळा माझ्या डोळ्यांसमोर फुगला, फुस्स झाला आणि त्याची पापडी झाली. मला हसू आवरत नव्हतं, पण आत्याकडे पाहून आवरलं.

ती म्हणाली, "तिला विचार, गावाचं नाव कशावरून पडलं."

मुग्धाने विचारलं. ओदीलबाई खुलल्या आणि ताटातली पापडी त्यांनी पडद्यासमोर धरली. पापडीवर मांजर उमटलेलं होतं, शेपूट वर केलेलं. गावाच्या पाटीवरही मांजर, बेकरीवर मांजर, चर्चजवळच्या नळावर दगडाचं मांजर. कोण्या जहागीरदारणीच्या मांजरीने गावाचं धान्य उंदरांपासून वाचवलं, आणि फ्रेंचमध्ये मांजराला शा म्हणतात, म्हणून हे नाव. शाळेतल्या जुन्या मास्तरांनी तसं ठरवून दिलं आणि गावाला ते आवडलं.

"छावणी?" आत्याने विचारलं.

ओदीलबाईंनी पापडी परत ताटात ठेवली. मग मुग्धाने सांगितलं, "म्हणतायत, त्यांचे आजोबा सांगायचे असं काहीतरी. रोमन फौज, तंबू वगैरे. पण कोणी मानलं नाही. लोग हँसते थे उन पर. मांजर सगळ्यांना आवडतं ना."

कॉल बंद झाला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली. एका दुपारीत आत्याचं शस्त्रही गेलं आणि छावणीही. दसरा तोंडावर आला होता. मी म्हटलं, "आत्या, गाव तर सापडलं. बापूसाहेबांना तेवढं सांगू."

"अर्धवट सांगू?" ती म्हणाली. "त्या बाईचे आजोबा पण हसण्यावारी गेले रे. दोन्हीकडे एकच गोष्ट, आणि दोन्हीकडे सांगणाऱ्यालाच हसले." मग तिने मान वळवून कोपऱ्यातल्या सांडसाकडे पाहिलं. बापूसाहेबांच्या सांगण्यावरून तो घरी आणून ठेवला होता. "त्यांच्या पापडीवर मांजर. आपल्यात काय आहे?"

"शेंदूर."

"शेंदराखाली?"

घराण्यात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

"चिंच आण," आत्या म्हणाली.

तो वास मी विसरणार नाही. गरम पाण्यात कोळलेली चिंच, त्यात राख, आणि नारळाची शेंडी. आधी ताजा शेंदूर निघाला, माझ्या वयाचा. त्याखाली माझ्या वडिलांच्या वेळचा, जरा गडद. मग तेलाचा थर, चिकीसारखा कडक, त्यात अडकलेले अक्षतांचे दाणे, एक झेंडूची पाकळी जी काळी पडून पत्र्यासारखी झाली होती. प्रत्येक थराला वेगळा वास होता. एकात आजोबांची तपकीर होती, एकात जुन्या घराचा ओला चुना, एकात तो माळ खाणारा घोडासुद्धा होता, पैजेवर सांगतो. जितके दसरे मी पाहिले आणि जितके मी जन्मायच्या आधी होऊन गेले, ते सगळे बादलीत लाल होऊन उतरत होते. आत्या पदर खोचून घासत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "माफ करा हं. माफ करा." कोणाला, ते मी विचारलं नाही.

लोखंड लागलं. एका चकतीवर बारीक चौकटी निघाल्या. दुसरीवर कडेने गोल फिरलेली अक्षरं, उलटी कोरलेली, म्हणजे छापल्यावर सुलटी यावीत अशी. आणि मधोमध तीन तंबू. मधला उंच, त्यावर निशाण. मांजर नव्हतं. मांजराची मिशीसुद्धा नव्हती.

आत्याने शिट्टी मारली. आठवडाभराची साठलेली शिट्टी होती ती. खालच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं सिलिंडरची गाडी आली, आणि ते रिकामी टाकी घेऊन जिन्यात उभे राहिले.

दसऱ्याच्या सकाळी सभागृहात निम्मं लष्कर होतं. लाल कापडावर तलवारी, टोकाची जागा रिकामी. आत्या आली ती शेगडी, पिठाचं पातेलं आणि तुपाची वाटी घेऊन. मागे मी, खांद्यावर सांडस. लोक कुजबुजले. कोणीतरी म्हणालं, "शात्रेलची फौज आली."

"बापूसाहेब," आत्या म्हणाली, "हे शस्त्र नाही. तोफेशी याचा काडीचा संबंध नाही. तुमचं बरोबर होतं."

बापूसाहेबांना जिंकल्याचा आनंद होण्याऐवजी धक्काच बसला. शकूताईंच्या तोंडून हे वाक्य आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"आता गाव बघा." तिने शेगडी पेटवली, सांडस तापवला, तूप फिरवलं, पीठ ओतलं. वेलदोड्याचा आणि तुपाचा वास सभागृहात असा पसरला की मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांसकट पुढे आले. तिने दांडे उघडले आणि पापडी बापूसाहेबांच्या हातावर ठेवली. "वाचा."

बापूसाहेबांनी पापडी उजेडाकडे धरली. रोमन अक्षरं होती, आणि ताडून पाहायला मी फोनवर गावाच्या पाटीचा फोटो शेजारी धरला. ते एकेक अक्षर जुळवत गेले, त्यांचे ओठ हलत होते, आणि मग ते थांबले.

"शात्रेल," ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण सभागृहात त्या वेळी टाचणी पडली असती तर तिलाच लाज वाटली असती. "आणि हे तंबू."

"छोटं लष्कर," आत्या म्हणाली.

मी फोन लावला. मुग्धा ओदीलबाईंबरोबर शात्रेलच्या बेकरीत बसली होती. मागे दहा-बारा गावकरी. आत्याने दुसरी पापडी फोनसमोर धरली. पलीकडचे सगळे पडद्याशी गोळा झाले. मग ओदीलबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. त्यांच्या मांजराचे सगळे सांडस आजोबांच्या काळातल्या त्या मास्तरांनंतरचे, आणि आमचे तंबू त्या मास्तरांच्या आजोबांच्याही आधीचे. बेकरीत गलका झाला. एक म्हातारा टेबलावर मूठ आपटत काहीतरी सांगू लागला.

"काय म्हणतायत ते?" बापूसाहेबांनी विचारलं.

"अंकल, झगडा हो गया," मुग्धा म्हणाली. "अर्धे म्हणतायत, आम्ही पहिल्यापासून सांगत होतो. बाकीचे म्हणतायत, मांजराचं काय करायचं." मग ती हसली. "आणि ओदील रडतायत. म्हणतायत, आजोबांच्या बाजूने बोलायला कोणी यायला इतकी वर्षं लागली, आणि आलं ते इतक्या लांबून."

सभागृहात टाळ्या पडल्या. बापूसाहेब मात्र विचारात होते. सरळ माणसांची हीच पंचाईत असते. "ताई, गाव मान्य. नावाचा अर्थही मान्य, पाटी लिहितो. पण तुम्हीच म्हणालात, वस्तू स्वयंपाकघरातली. शस्त्रांत कशी मांडू?"

मी आत्याकडे पाहिलं. तिने पदराला हात पुसले. घाई कसलीच नव्हती.

"बापूसाहेब, तुमच्या नातवाच्या बारशाला मी होते."

"होतात की."

"पाळण्यात आधी कोणाला ठेवलं?"

बापूसाहेब जरा सावध झाले. "रिवाजाप्रमाणे... वरवंट्याला."

"कुंची कोणाला घातली?"

"वरवंट्याला."

"पाळण्याच्या वरून खालून कोणाला फिरवलं? मी या हातांनी घेतलाय तो. फार जड होता तुमचा नातू." हशा सुरू झाला होता. "हाच वरवंटा ना, तुमच्या बायकांनी दख्खनेतून बैलगाडीत घालून आणलेला? चटणी वाटायचा दगड तासभर तुमच्या घरचा मुलगा होतो. मग एका आईने लांब निघालेल्या लेकाच्या हाती दिलेला तवा वर्षातून एक दिवस त्याचं शस्त्र का होऊ नये? तुमच्या पूर्वजांना परमुलखात तलवारीने जगवलं, की त्या वरवंट्याने?"

बापूसाहेबांनी सगळ्या तलवारींवरून एकदा नजर फिरवली. मग हातातली पापडी मोडून तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावली.

"थोडं तूप कमी पडलं," ते म्हणाले. "आणखी एक करून बघा."

मग जे झालं त्याला माधवगंजात अजून शात्रेलची लढाई म्हणतात. पातेलं संपलं, नवीन पीठ कालवलं, ते संपलं. समोरच्या हलवायाने दुकान सोडून तूप आणून दिलं. आत्या शिट्टीवर रांग हलवत होती. मुलं, म्हातारे, तलवारवाले, दफ्तरवाले, सगळ्यांच्या हातात तीन तंबू होते आणि सगळे छावण्या खात होते. मी स्वतः इतके तंबू खाल्ले की एक अख्खी पलटण उघड्यावर आली असेल. आणि त्या गर्दीत बापूसाहेब टेबलाच्या टोकाशी बसून मोत्यासारख्या अक्षरात पाटी लिहीत होते. सांडस. शात्रेल, म्हणजे छोटं लष्कर, या गावाहून आलेला. मोहिमेवर निघालेल्या मुलाला आईने दिलेला.

त्यानंतर दर दसऱ्याला आधी पूजा, मग पापड्या. दसऱ्याआधी कपाटातून घरी आणून सांडस आता धुतो आम्ही. तेलाचा थर चढत नाही, तुपाचा वास राहतो. लहानपणचा तो लाल खडक, त्याचा धाक, पोपटांच्या शिंका, हे सगळं त्या बादलीतून मोरीत वाहून गेलं, आणि कधीकधी मला त्याची फार आठवण येते. म्हणून मी आजही नातवाला गणोजींची गोष्ट सांगतो. गणोजी हवेत गोळा धरतात, फुंकतात, परत पाठवतात. नातू विचारतो, चकत्या तर चपट्या आहेत. मी सांगतो, म्हणूनच तर परत येताना गोळ्याची पापडी झाली.

शात्रेलच्या नव्या पाटीचा फोटो मुग्धाने पाठवलाय. पाटीवर तीन तंबू आहेत. मांजर काढवलं नाही गावकऱ्यांना. ते मधल्या तंबूच्या दाराशी बसवलंय, पहाऱ्यावर.

खाली हॉर्न वाजतोय. बापूसाहेब गाडी घेऊन आलेत, हातात शमीच्या पानांचा जुडगा. दसरा उद्या असला तरी पाहुण्यांना स्टेशनवरच सोनं द्यायचं म्हणतात. ओदीलबाई दिल्लीहून दुपारच्या गाडीने येताहेत, मुग्धा सोबत आहे, आणि त्यांच्या सामानात दोन हात लांबीचं, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आहे ज्याच्यावरून विमानतळावर बरीच चौकशी झाली. आत्या माझ्या आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसलीये. शिट्टी गळ्यात आहे.

सभागृहात टेबल मांडून झालंय. सकाळी मी बघून आलो. आमच्या सांडसाच्या जागेशेजारी आणखी एकाची जागा करायची होती, तेव्हा तलवारींना जरा सरकावं लागलं.